बॅटरी टिकत नाही

फहाहीलच्या मासळी बाजारामागं माझं दुकान.
दोन हात पसरले की दोन्ही भिंती लागतात.
भिंगाचा दिवा, चिमटे, फुटक्या काचांचा डबा
आणि पोट उघडून ओळीनं निजवलेले फोन.

लोक फोन देतात, वर पासवर्डही सांगतात.
बायकोला जे दाखवणार नाहीत
ते माझ्या टेबलावर ठेवून चहाला जातात.
मी बघत नाही.
म्हणजे, बघावं लागतं तेवढंच बघतो.

शुक्रवारी जयवंत गुरव आला.
रिफायनरीत परांच्या बांधतो.
‘बॅटरी टिकत नाही रे, दुपारीच मान टाकते.’
शनिवारी नुरुद्दीन होडेकर,
त्याच कॅम्पातला, त्याच्याच खालच्या पलंगावरचा.
तक्रार तीच.

दोघेही माझ्या गावचे, वेळशेतचे.
गुरवांकडे देवीची पूजा,
आणि शिमग्यात देवीची पालखी
होडेकरांच्या दारात, दर्ग्याच्या पायरीपाशी थांबते.
थांबायची.
होडेकरांची थोरली सून नारळ आणून द्यायची.
देवी भावाकडे पाणी प्यायला आली, म्हणायचे.
हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं,
विचारावंसंच वाटलं नाही कुणाला.

गुरवाचा फोन उघडला. जागा भरलेली.
चौदा जीबी नुसता संताप.
गळ्यात उपरणं घातलेला एक माणूस, बोट उगारून:
‘आपण झोपलोत. ते जागे आहेत.’
पाठीमागं ढोल.
त्याखाली गावच्या ग्रुपवरचा ठराव:
यंदा पालखी दर्ग्यापाशी थांबणार नाही.

होडेकराचा उघडला. जागा भरलेली.
वेगळा पोशाख, वेगळी जबान, बोट तसंच:
‘आपण झोपलोत. ते जागे आहेत.’
इथं वाद्य नाही, नुसती माणसांची घुमणारी गुणगुण,
पण ठेका ऐकला. तोच.
त्याखाली गावात नव्यानं आलेल्या कुणा मौलवीचा निरोप:
पालखीला नारळ देणं गुनाह.
यंदा दार लावून घ्या.

दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले.
एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं,
आणि निर्णय एकच.
एवढं एकमत आमच्या ग्रामसभेत
पाण्याच्या टाकीवरही झालं नव्हतं.

मग अजून एक दिसलं, ते बघायला नको होतं.
मौलवीची क्लिप गुरवाच्या फोनमध्ये होती.
उपरणंवाल्याची होडेकराच्या.
दोन्हींखाली एकच शब्द: ‘बघा!’
एकाचा गल्ला दुसऱ्याच्या मालावर चाललेला.
उपरणंवाला फाल्गुनात निवडणुकीला उभा आहे,
मौलवीला मदरशावर मजला चढवायचाय.
दोघांच्या पावत्यांवर पाच-पाच दिनार, इथून गेलेले.
परांच्यांवरून गेलेले,
पन्नास अंश उन्हातून.

संध्याकाळी दोघे एकाच टॅक्सीनं आले.
भाडं गुरवानं दिलं. होडेकराच्या खिशात
गुरवाच्या साखरेच्या गोळ्या होत्या,
तो विसरतो म्हणून हा सांभाळतो.
कागदात तळलेला बांगडा आणला होता, माझ्यासाठी.
तिघांनी उभ्या-उभ्याच खाल्ला,
काटे त्या काचांच्या डब्यात.

मी म्हटलं, बॅटरी चांगली आहे.
पाठीमागं काहीतरी सारखं चालू राहतं, ते खातंय.
‘मग बंद कर ना,’ दोघे एकदम.
म्हटलं, पासवर्डवर माझं नाही भागत आता.
याला मालकाचाच अंगठा लागतो.

गुरवानं अंगठा ठेवला. फोननं ओळखला नाही.
होडेकरानं ठेवला. नाही.
लोखंड आणि सिमेंटानं रेषा घासून गेलेल्या.
होडेकरानं अंगठा लुंगीला पुसला,
गुरवानं त्याच्यावर फुंकर मारली, हसला,
‘ठेव परत.’

बाहेर रिफायनरीची ज्वाळा,
आकाशाचा एक कोपरा भाजत,
रात्रंदिवस नको असलेला वायू जाळणारी.
दुकानात दोन काळे पडदे,
त्यांत तीन माणसं वाकलेली.

परत ठेवला.