चार ताडपत्र्या

कबर खणायच्या आधी मी
गवतावर चार ताडपत्र्या अंथरते.
हाउकिनिएमीची माणसं हसतात:
"ताइमी, माणूस पुरतेस की दुकान मांडतेस?"
हसू देत.
माती ज्या क्रमानं निघाली
त्याच्या उलट क्रमानं परत गेली पाहिजे.

पहिलीवर काळी.
पाइनच्या सुया, बेरीच्या झुडपांची मुळं,
बुरशीचे धागे, अर्धंमुर्धं कुजलेलं सगळं.
नाकाला आंबट.
पाऊस या सुयांतून झिरपतो, तोही आंबट होतो,
आणि खाली उतरताना वाटेतलं लोखंड उचलून नेतो,
पायात चप्पल न घालता
दुसऱ्याच्या घरातून गेल्यासारखा.

म्हणून दुसरीवर राख.
म्हणजे राखेसारखी; इथं कुणी काही जाळलेलं नाही.
फेल्डस्पार विरघळलं, अभ्रक झिजलं,
मागे राहिली गारगोटीची रेती,
जिच्याकडून नेण्यासारखं काही नव्हतं.
ओली करून वळायला जा, गोळी होत नाही.

तिसरीवर गंज.
पावसानं ओझं इथं टाकलं.
जुन्या बिजागरीचा रंग, आणि कधी इतकी घट्ट
की फावडं बाजूला ठेवून पहार घ्यावी लागते.

चौथीवर करडी भरड,
हिमनदीनं दळली आणि चाळायला विसरली ती.
तिला अजून काहीच झालेलं नाही.

इथली जमीन वर येते आहे.
बर्फाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली
तरी तिची पाठ अजून सरळ होते आहे,
शंभर वर्षांत माझ्या कमरेच्या जरा खालपर्यंत.
वाल्फ्रिदच्या आजोबांनी होडी बांधायला ठोकलेली कडी
आज भूर्जाच्या रानात एका खडकाला लटकते.
पाण्यापासून चर्चपर्यंत चालत या, अधूनमधून खणत या:
किनाऱ्याला नुसती रेती, एकरंगी, तान्ही.
वर आल्डरच्या झाडांखाली किंचित काळपट.
आणखी वर, राख आहे की नाही असा संशय.
टेकडीवर, जिथं मी खणते, राखेचा थर चार बोटं.
चार बोटांना बारा-तेरा शतकं.

मंगळवारी वाल्फ्रिदसाठी खणत होते.
पायांकडच्या कोपऱ्यात
पांढरा थर सुरीनं कापल्यासारखा तुटला.
त्यापलीकडे काळं, राख, गंज, भरड, सगळं कालवलेलं,
कडा सरळ,
लांबी माणसाएवढी.

चर्चच्या वहीत नोंद नाही.
हाडं नाहीत, दातही नाही;
ही आंबट माती तसलं काही ठेवत नाही.
ठेवते फक्त कुणीतरी खणलं होतं एवढं.
आणि त्या कालवणावर, सुयांच्या खाली,
राखेची एक नवी रेघ
पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली.

वाल्फ्रिदची लेक लेम्पी कडेला उभी होती.
"किती जुनं?" तिनं विचारलं.
मी अंगठ्याचं नख दाखवलं.
"एवढं."
तिनं मान डोलावली. आम्ही दोन पावलं पूर्वेला सरकलो
आणि मी पुन्हा चार ताडपत्र्या अंथरल्या.

निघालेली माती कधीच सगळी परत मावत नाही.
जमिनीत निम्मी पोकळीच असते, हवा आणि पाणी;
मोकळी केली की फुगते. उंचवटा राहतो.
दोन हिवाळ्यांत बसतो.

शुक्रवारी पाद्र्यानं तीनदा माती टाकली.
लेम्पीनं हातमोजा काढून एकदा.
मी त्याच्याआधी, कुणी यायच्या आत,
जुन्या खड्ड्यापाशी वाकले होते.
त्याला मूठमाती कुठल्या ताडपत्रीवरची द्यावी
ते ठरेना.
चारही थोडी थोडी घेतली.
तिथली तशीही कालवलेलीच होती.