सतरा नंबरचा सूट

चौदा तारखेला येणार आहे सिनेमा.
बेकरीच्या भिंतीवर मौरिसियोने चुन्याने आकडा लिहिलाय,
रोज सकाळी पुसतो, एक कमी करतो.
आज नऊ.

गावात सिनेमाघर नाही.
होतं, सोऱ्याची खाण चालू होती तोवर;
आता तिथे लामांचा चारा ठेवतात.
खुर्च्या चर्चमधून येतील, पडदा फुटबॉलच्या मैदानावर,
प्रोजेक्टर कालामाहून, भाड्याने,
आणि वारा नेहमीप्रमाणे फुकट.

साडेतीनशे वस्तीच्या या गावातली एकसष्ट माणसं
सिनेमात परग्रहावरून आलेली आहेत.
मला आकडा पक्का ठाऊक, सगळी माझ्या हाताखालून गेली.
रबराची राखाडी कातडी, पाठीवर बारा-बारा हुक,
आत शिरायला वीस मिनिटं,
बाहेर पडेपर्यंत घामाची आंघोळ.
कपडेपटाच्या परदेशी बाईंनी मला सुया दिल्या, वाकड्या,
डॉक्टरांकडे असतात तशा,
आणि म्हणाल्या, शिवण दिसता कामा नये.

परवा झलक आली. दोन मिनिटं अकरा सेकंद.
टेकडीवरून उतरतात ते, रांगेने, धुळीत,
आणि खाली माणसं किंचाळत पळतात.
(ती आमची नव्हेत. पळायला सांतियागोहून नट आणले होते.)
बेकरीत एका फोनवर पंधरा डोकी.
थांबव, थांबव, तो मी!
तू कसला, तू एवढा उंच कधी होतास?
मागून तिसरी, कमरेवर हात, ती आपली ओर्तेन्सिया,
परग्रहावर गेली तरी पावाच्या रांगेत उभी असल्यासारखी.

एदुविना कोल्के तेवढी थांबली नाही.
पाव घेतला, सुटे पैसे मोजले,
फोनकडे पाठ केली.
तुकडा नको, म्हणाली, बघेन तर अख्खा.

तिचा फाउस्तिनो जूनमध्ये गेला, ऐन थंडीत.
फोटो म्हणाल तर तीन: लग्नाचा, ओळखपत्राचा,
आणि एक गाढवाबरोबरचा, त्यात गाढव छान आलंय.
चालताना कुणी कधी टिपलं नाही त्याला.
तांब्याच्या खाणीत गुडघा गेला तेव्हापासून
तो पाऊल टाकायचा
ते आधी जमिनीला विचारून.
तो चालतोय, एवढंच तिला बघायचंय.
तोंड नाही, आवाज नाही, काचेचे हिरवे डोळे, चार बोटं.
चालेल, म्हणते.

काल माझ्या दारात येऊन तिने विचारलं,
नंबर किती होता त्याचा?
सतरा, मी म्हणाले.
उजव्या गुडघ्यावर उसवला होता, राखाडी दोरा संपलेला,
मी निळ्याने शिवला. बाईंच्या लक्षात आलं नाही.
तिने तळहातावर बोटाने सतरा गिरवला
आणि मूठ मिटली.

सांगितलं नाही ते हे:
टेकडीचा प्रसंग दोनदा घेतला.
पहिल्या दिवशी सतरात फाउस्तिनो होता.
दुसऱ्या दिवशी खोकल्याने त्याला उभं राहवेना,
म्हणून सूट चढवला मौरिसियोच्या पोराच्या अंगावर.
मीच बजावलं त्याला, लंगडत चाल,
नाहीतर कालच्याशी जुळायचं नाही.
पोरगं हुशार. अगदी तसंच चाललं.
जोडताना कुठला दिवस ठेवलाय, देव जाणे,
किंवा कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत बसलेला एक माणूस,
ज्याला आमच्या गावाचं नावही धड म्हणता येत नसेल.

झलक मी रात्री एकटीने चाळीसदा बघितली.
निळा दोरा दिसतो.
त्याच्या पुढे धूळ.

डोंगरापलीकडे त्या पांढऱ्या थाळ्या
वर्षानुवर्षं कान टवकारून बसल्यात.
म्हणे कुणीतरी असेल, लांब, बोलत असेल.
ऐकू आलंच कधी,
तर हे तेच, असं कशावरून ठरवणार
हे मला त्यांना एकदा विचारायचंय.

भिंतीवर आता आठ.
मौरिसियोचं पोरगं सायकलवरून पाव पोचवतं घरोघर.
एदुविनाच्या कोपऱ्यावर आलं की उतरतं,
सायकल भिंतीला टेकवतं,
आणि तिच्या दारापर्यंतची ती वीस पावलं
सरळ चालतं.
फारच सरळ.