दुसऱ्या गेटावरचे हात

पाटीवर कन्नड अक्षरं मोठी, मराठी खाली,
कायद्यानं, पट्टी लावून मोजलेली.
वरची मला वाचता येत नाहीत,
खालची मल्लव्वाला.
शटर वर जायच्या आधी
दोघी मिळून एक पाटी वाचतो आम्ही,
टिळकवाडीत, सकाळी साडेनवाला.

हॉटेल रणजित देवचं. रात्री आठच्या मालिकेतला तो.
बायकोला छळणारा, मग सुधारलेला, मग दरीत पडून मेलेला,
मग जुळा भाऊ होऊन परत आलेला.
वडगावात तो परशा कंग्राळकर होता,
नाक पुसायचा शर्टाच्या बाहीला.
नाव मात्र आईचं दिलंय: हौसाबाईचं जेवण.

आता खरं सांगू?
हौसाबाईंना भाकरी कधी जमली नाही.
थापली की कडा फाटायच्या,
तव्यावर टाकली की कर्नाटकाचा नकाशा.
आमटीत मीठ विसरायच्या, नाहीतर दोनदा घालायच्या,
आणि परशा शेजारी, आमच्याकडं, ताट घेऊन यायचा.
पण मागावर बसल्या की बघत राहावं.
धागा तुटला तर आवाजावरून कळायचं त्यांना,
बोलता बोलता, न बघता गाठ मारायच्या.
मी शेजारी कांड्या भरत असायची.
काठावरची त्यांची कोयरी
दुकानदार दिव्याखाली धरून बघायचा
आणि भाव तरीही पाडायचा.

माग गेले. भंगारवाल्यानं वजन करून नेले.
मला आता काचेच्या खोलीत बसवलंय,
हिरवं नेसून, केसांवर जाळी घालून.
‘लाइव्ह भाकरी’ म्हणतात ह्याला.
पोरं मोबाईल काचेला टेकवतात,
मी थापते, भाकरी फुगते, ती टाळ्या वाजवतात.
भाकरी फुगल्याबद्दल टाळ्या
माझ्या सासूनं ऐकल्या असत्या तर!

गिऱ्हाईक विचारतात,
‘मालक येऊलेत काय आज?’
‘येतील की,’ म्हणायचं, असं मॅनेजरनं शिकवलंय.
तो पुण्याचा. ‘रणजितची आवडती थाळी’ त्यानंच ठरवली.
रणजित एकदाच आला होता, फोटोसाठी.
उकडलेल्या अंड्याचं पांढरं तेवढं गाडीत बसून खाल्लं,
मग आत आला, पाया पडला माझ्या,
‘रुक्माक्का, वळखलीस काय?’
तेवढ्यापुरता परशा.
मग लाईट लागले.
मी थापत होते, तो शेजारी हसत होता,
कुणीतरी म्हणालं, मावशी, थोडं डावीकडं, अजून थोडं,
अजून.

महिन्यानं गेट पडलं होतं, दुसरं.
लोंढ्याकडं जाणारी मालगाडी, संपता संपेना.
स्कूटरी थांबलेल्या, बसा थांबलेल्या, मुंड्या सगळ्यांच्या वर.
फलकावर रणजित, दोन माणसांएवढा,
आणि खालच्या कोपऱ्यातनं, कुणाचेच नसलेले
दोन हात, परातीत.
‘आईच्या हातची चव.’
मल्लव्वानं माझं मनगट धरलं.
‘अक्का, निन्न कै!’
अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग
टोपलीएवढा दिसत होता वर.
बांगड्या तेवढ्या बदलल्या होत्या, सोन्याच्या केल्या होत्या.

मला राग यायला हवा होता म्हणते नात.
पैसे मागायला हवे होते.
मागीन की. पहिल्या तारखेला मॅनेजरला गाठते.
पण त्या वेळी, डबे मोजत उभी असताना,
मला हौसाबाईंचे हात आठवत होते,
सुतानं कापलेली बोटं, पहिल्या पेरावर,
नखांत रंग, बहुतेक जांभळा.
त्यांना ह्या पोस्टरचं हसू आलं असतं.
म्हणाल्या असत्या, रुक्मे, भाकरी तुझी, नाव माझं,
आणि पैसे?

गेट उठलं.
मागच्यानं हॉर्न वाजवला,
आम्ही रूळ ओलांडले.
साडेनऊ व्हायला आले होते, पीठ चाळायचं होतं.