चार बोटं पुढे

गाडी घेतली आणंदच्या एका मुलाकडून.
तो कॅनडाला चालला होता, सहा फुटी,
त्याचे पाय इंजिनाच्याही पुढे पोचायचे.
मी पाच फूट एक.
पहिल्या दिवशी ब्रेक मला दिसत होता,
लागत नव्हता.

इलियासभाई म्हणाले, सिस्टर, सोपं आहे.
पाय मागे घेऊ, गुडघ्याखाली, मधल्या जागी.
नाहीतर राहू द्या असंच आणि उंच व्हा.
ते हसले.
मी फतेहगंजच्या त्या गॅरेजात
ऑइलच्या डब्यावर बसून चपला काढल्या
आणि पायांकडे पाहिलं.

सयाजी हॉस्पिटल, एकतीस वर्षं, उभ्यानं.
पोटऱ्यांवर निळ्या शिरा,
भर उन्हाळ्यातल्या महीसारख्या, फाटे फुटलेल्या.
हे पाय पसरायचे होते मला.
एवढंच मागणं होतं गाडीकडे,
वेग नको, आवाज नको.
लहानपणी दांडिया बाजारच्या खोलीत पाय जरा लांब केले
की आत्या म्हणायची, कुणाकडे पाय करून बसलीस?
आणि घरात माणसं इतकी
की कुठेही पाय केले तरी
त्या दिशेला कुणीतरी मोठं असायचंच.

म्हणून आठ दिवस हट्टानं तशीच चालवली,
पाठीमागे चादरीची घडी लावून.
सिंधरोटच्या रस्त्यावर, सकाळी,
दोन्ही पाय पुढे, सरळ,
दूधवाल्याकडे, टोलेजंग बंगल्यांकडे,
परतताना थेट सूर्याकडे पाय.
कुणी काही म्हणालं नाही.

पण पुढे ठेवलेल्या पायांवर
खड्ड्यात उठता येत नाही.
सगळा दणका माकडहाडात.
पेशंटना मीच सांगायचे ना,
आधी पाय अंगाखाली घ्या, मग भार द्या.
आणि रावपुऱ्यात एक म्हातारा
रस्त्याच्या मधोमध थांबला, चष्मा पुसायला.
अंगठ्याच्या टोकानं ब्रेक लागला, उशिरा.
गाडी त्याच्या पिशवीपासून वीतभर.
त्यानं चष्मा घातला, गेला.
माझी मांडी सुरसागरपर्यंत थरथरत होती.

तर मग मधली जागा.
गुडघे काटकोनात, ब्रेक बुटाखाली,
गतिरोधकावर जरा उठून घ्यायचं,
सगळं बरोबर.
वीस मिनिटांत डावा गुडघा बोलायला लागला,
उजव्या पोटरीला इंजिनाची धग.
बरोबर,
आणि ड्यूटीवर असल्यासारखं.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत चंद्रवदन पांचाळ.
त्यांची आई अठरा दिवस माझ्या वॉर्डात होती.
त्यांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी केली, मला वर बसवलं,
म्हणाले, बेन, आंख बंध करो,
पाय जिथे जाईल तिथे जाऊ दे.
गेला.
मधल्या जागेपासून चार बोटं पुढे.
पट्टी लावली नाही त्यांनी,
बोटांनीच धरलं, खडूची खूण केली,
आणि दुपारभर मशीनवरून निळसर किस पडत राहिला.
ब्रॅकेटला भोकं तीन.
एक त्या मुलाचं, एक इलियासभाईंचं,
त्यांच्या मधलं माझं.
पैसे घेतले त्यांनी, पूर्ण. बरं वाटलं.
उरलेली दोन बुजवू का, विचारलं.
नको म्हटलं.
गुडघ्यांचं काय, बदलतात.

महिना झाला.
सिग्नलचा पिवळा लागला की उजवा पाय
अजून आधी पुढे जातो,
जिथे आता काही नाही तिथे दाब देतो,
मग परत येतो आपल्या जागी.

तसाच तो पहाटे सव्वापाचला
पलंगाखाली
पांढरे बूट शोधतो.