दोन काड्या

सत्र्याहून निघालो तेव्हा अंधार होता.
कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या माझ्या पाठीवर,
भाकऱ्या आणि कोयता धुळो झोऱ्यांकडे.
धुळो चढताना वर बघत नाहीत.
गव्याचं शेण काठीने उलटतात,
"रातचं," म्हणतात, आणि वाट जराशी बदलतात.

कारवी यंदा कोरडीच.
अजून तीन वर्षं, ते म्हणाले,
पाहुण्यांची गाडी ठाऊक असल्यासारखं.

शेवटचा कडा हातांनी.
मग एकदम वर काहीच उरलं नाही.
गोव्यातली सगळ्यात उंच जागा:
गुडघाभर गवत,
रंग उडालेला सर्व्हेचा खांब,
त्यावर खिळ्याने कोरलेलं कुणाचंसं नाव,
आणि सोसोगडाचा वारा
टोपी मागत असल्यासारखा.

खिशात फोन थरथरला:
कर्नाटकात आपले स्वागत आहे.
मला काहीतरी वाटायला हवं होतं.
दम लागला होता, एवढंच.

धुळो खांबाला वळसा घालून
पलीकडच्या दगडावर जाऊन बसले.
दगड बसून बसून गुळगुळीत झालेला.
प्लास्टिकच्या तीन पदरांतून फोन निघाला,
मोठ्या बटणांचा.
"हांगा दोन काड्या गावतात. सकयल एकय ना."

मोपाला त्यांचा लेक विमानात बॅगा चढवतो.
गुरुवारी बारा ते एक त्याची सुट्टी.
आज गुरुवार.
माझी मंगळवारची तारीख
त्यांनी का पुढे ढकलायला लावली,
ते मला तिथे, त्या उन्हात कळलं.

जेवलास? त्यांनी विचारलं.
मग, म्हस व्याली. पारडी.
मग बराच वेळ नुसतं ऐकणं,
नजर वायव्येला,
जिथे जमीन संपते आणि एक चकाकती रेघ उरते.
तिथून पांढरा ठिपका उठला.
"हें तुजें?"
पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे,
पण त्यांनी हात वर केला,
आणि ठिपका ढगात जाईपर्यंत खाली घेतला नाही.

रात्री कँपवर कार्ड उघडलं.
साळिंदर. साळिंदर. बिबट्याची शेपटी.
मधे मधे धुळो.
अकरा गुरुवार, तीच काठी,
एकदा पाऊस, एकदा डोक्यावर घोंगडी.
फॉर्ममध्ये रकाने तीन.
प्रजातीचा मी मोकळा ठेवला.
संख्या: एक. दिशा: वर.

उतरताना ते दुसऱ्या वाटेने जातात.
तिथे आमचा कॅमेरा नाही.