पाच कंदील, दुपारी दीड

सिटी सर्व्हेच्या खिडकीवर पाटी: भोजनाची सुट्टी.
आतल्या बाई म्हणाल्या, अडीचला या,
तीनला आलात तरी चालेल.
म्हणून मी धुळं बघायला निघाले,
जिथं मी एकवीस वर्षं राहिले.

या गावात हरवता येत नाही.
कुणीतरी फूटपट्टी ठेवून गल्ल्या आखल्या
आणि नावं सुचेनात म्हणून नंबर दिले.
चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर,
हजेरीला उभ्या केल्यासारख्या.
सरळ जा, काटकोनात वळा, पुन्हा सरळ.
आमच्या घरातलं भांडणसुद्धा असंच चालायचं.

आज पहिल्यांदा मान वर केली.
खाली मोबाईलची कव्हरं, गाऊन, स्टीलचे डबे,
आणि वर, पत्र्याच्या बोर्डांच्याही वर,
सज्ज्याला खांदा देऊन बसलेले लाकडी पोपट.
एकाची चोच शाबूत,
दुसऱ्याची वाळवीनं नेली,
तिसऱ्याच्या गळ्यात केबलची वायर.
चुन्यात कोरलेलं साल: १९३४.
नवाचं पोट फुटलंय, त्यातून पिंपळाची तीन पानं.
एकवीस वर्षं मी यांच्याखालून
दळण घेऊन गेले.

खोल गल्ली खोल नाही.
पाच कंदिलाला कंदील नाही एकही.
केळीवाल्या म्हातारीला विचारलं, कुठं गेले गं?
ती म्हणाली, "मी उनू तधळबी नव्हतात, माय.
केया लेसी का?"
अर्धा डझन घेतली.

चौकातल्या बेटावर एक मोर आहे,
बंद पडलेल्या मागांचे धोटे जोडून केलेला.
पिसारा उन्हात इतका तापतो
की कावळासुद्धा टेकत नाही.
ट्रॅफिक हवालदारानं मानेला डबा अडकवलाय.
उद्घाटनाच्या फरशीवर सतरा नावं,
ज्यानं धोटे जोडले त्याचं कोणतं, कळत नाही.

बागेतलं कारंजं कोरडं, तळाशी चपला आणि एक पाना.
बाकावर 'कै. झिपरू तो' इथवर वाचता येतं,
पुढचं बसणाऱ्यांच्या पाठींनी घासून नेलं.
तोताराम असावं.
मीही टेकले. माझ्या पाठीनंही
थोडं नेलं असेल.

पांझरेच्या काठच्या भिंतीवर
इद्रिस पिंजारी समुद्र रंगवत होता.
नदीत पाणी घोट्याएवढं,
भिंतीवर लाटा, चौदा रोहित पक्षी, एक दीपगृह.
"नमुना वरून आला," तो म्हणाला,
"आपण फक्त ब्रश."
याच भिंतीवर त्यानं तरुणपणी लिहिलं होतं:
गुलमोहर टेलर्स, सफारी स्पेशालिस्ट.
माझ्या भावाची पहिली सफारी तिथलीच,
एक बाही आखूड.
"ते अक्षर मारू शकलो नाही," तो म्हणाला
आणि नवव्या पक्ष्याच्या पोटाकडे बोट केलं.
गुलाबी पिसांच्या मधोमध
हातभर जागा कोरी,
त्यात एक लाल 'फा',
काळी सावली दिलेला, काना किंचित झुकलेला.
इंजिनिअर दोनदा येऊन गेले,
त्यांना वाटलं पंख आहे.

त्याला दोन केळी दिली.
त्यानं एक खाल्लं,
एक रंगाच्या डब्यावर ठेवलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी नक्कल मिळाली.
शिक्का ओला होता.
आमचं घर, एक चौकोन. शेजारचं, एक चौकोन.
गल्ल्या बिनचूक.
नदीच्या जागी दोन रेघा,
सगळ्या कागदावर तेवढ्याच वाकड्या.
बाई म्हणाल्या, नाव नीट तपासून घ्या,
नंतर दुरुस्ती होत नाही.
मी तपासलं.
मग कागद उन्हात धरून शिक्का वाळवला
आणि स्टँडकडे निघाले, सहा नंबरमधून,
मान वर करून, लोकांना धडकत.