आखूड रात्रीनंतर

वॉर्डातली रात्र काल लवकर सरली.
मुजावर सिस्टर म्हणाल्या, ‘वर्षातली सगळ्यात आखूड,
पगार मात्र तेवढाच. पेढे वाटा.’
सतरा नंबरचे पिराजीबाबा, गारगोटीकडचे,
तासातासाला विचारत होते, ‘उजाडलं न्हवं, बाई?’
साडेपाचला खिडकी ढकलली
तर आभाळ पातळ ताकासारखं.
‘उजाडलं, बाबा.’
‘आं? आज लई लवकर सोडलं,’ म्हणाले,
आणि भिंतीकडं तोंड करून गाढ झोपले.

सीपीआरच्या गेटातून निघाले, आठ वाजून गेलेले.
आठवडाभर नुसता चिखल, कुबट टॉवेल,
छत्र्यांचं पाणी जिन्यात.
आणि आज उघडीप!
सत्तावीस वर्षं या गावाला मी पाठमोरीच भेटले.
ते दुकानांची शटर वर करायचं,
मी पडदे ओढायची.
आज म्हटलं, झोपायचं नाही.
उद्या रात्रीपर्यंत सुट्टी,
एवढा लांबलचक दिवस
उशीखाली दाबून कोण वाया घालवील?

गंगावेशीत कट्ट्यावर पेलाभर दूध प्याले,
फेस ओठावर तसाच ठेवून चालत घरी.
कुणी हसलं असेल. हसू दे.

दहाच्या सुमाराला गल्लीतली एकेक गच्ची
गोधड्या खांद्यावर घेऊन उन्हाला सामोरी आली.
चौगुलेवहिनींनी गहू पसरले,
चिमण्यांना शिव्या घातल्या,
मग स्वतःच मूठभर बाजूला टाकले.
मी युनिफॉर्म वाळत घातला.
त्याला दिवसा असा वाऱ्यावर हलताना
मी कधी पाहिलंच नव्हतं.
कुणीतरी बाई बिनकामाची नाचतीय
असं वाटलं.

साडेबाराच्या पुढं, सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला,
माझी सावली वीतभर, दक्षिणेला.
त्या दिशेला किती जणांना पोचवायला
दारापर्यंत गेले आहे मी,
हात धरून, नाडी सुटेपर्यंत.
सावलीला म्हटलं, ये इकडं, पायाशी बस.
आज तुझीही ड्युटी ऑफ.
ती बसली. दोघींनी मिळून
शेंगदाण्याची चटणी आणि गार भाकरी खाल्ली.

चार वाजले.
मग बराच वेळ चारच वाजत राहिले.
रात्रीचे चार मला ओळखीचे,
सलाईनच्या थेंबाथेंबाला मोजलेले.
हे दिवसाचे चार कुठून आले,
यांना काही घाई नाही, कुणाची बेल नाही,
पिकल्या केळ्यासारखे आपापले पडून आहेत.

सहाला रंकाळ्यावर गेले.
डिसेंबरात मावळतो तो कुठं, आणि आता कुठं!
काठाकाठानं सरकत
पन्हाळ्याच्या वाटेला लागलेला,
एसटी चुकलेल्या माणसासारखा रमतगमत.
परतताना बोळाच्या तोंडाशी पोरं फुटबॉल खेळत होती,
बॉल कसला, चिखलाचा गोळा.
सात वाजून गेले तरी स्कोअर ठरेना.
वरून आई ओरडली, ‘अथर्व्या, दिवस बुडाला!’
‘कुठं बुडालाय? बॉल दिसतोय की अजून!’
आणि दिसत होता खरंच.
गोल झाला. नाही झाला.
त्यावर भांडायलाही उजेड पुरला.

आत्या म्हणायची,
सुईत दोरा जातोय तोवर दिवस.
खिडकीत बसले. युनिफॉर्मचं वरचं बटण
महिनाभर टाचणीवर होतं.
एकदा चुकला, दोनदा चुकला,
दोरा ओठात ओला करून तिसऱ्यांदा गेला.
सात वाजून पंचवीस. आत्या, बघ.

उद्यापासून रात्र तिळातिळानं वाढणार.
पिराजीबाबा विचारतील, ‘उजाडलं न्हवं?’
त्यांना हा तीळ मी सांगणार नाही.
आजचं सांगीन: गव्हाचं, चिमण्यांचं,
न झालेल्या गोलाचं.
पहाटेपर्यंत पुरेल.

बटण घट्ट बसलं. दातानं दोरा तोडला.
आता दुसरं बटण, भिंतीवरचं, दिव्याचं.
ते राहू दे
अजून जरा वेळ.